ढगातली उल्का

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काचेची कपाटं, त्यांत ओळीने फ्रेम्स, मागे एक अरुंद खोली, तिच्या भिंतीवर अक्षरांची पाटी आणि समोर उंच स्टूल. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या नाकांवर ह्यांच्या हातचा चष्मा आहे. गिऱ्हाइकाला चष्मा चढवायचा, कानामागे दांडी दाबून बघायची आणि विचारायचं, "टोचतंय का? खरं सांगा." हे 'खरं सांगा' म्हणजे ह्यांचं पालुपद. कुणी भिडेखातर 'नाही टोचत' म्हटलं की ह्यांचा पारा चढतो. म्हणतात, "कान तुमचा, खोटं तुमचं, आणि उद्या तक्रार माझ्याकडे."

दिवसा चष्मेवाले आणि रात्री उल्कावाले, अशी ह्यांची दोन नावं. दुसरं नाव एका पंक्चरमुळे पडलं. लग्नाआधी कधीतरी हे काचा आणायला बाहेरगावी गेले होते. परतताना आडरस्त्यावर स्कूटरचं चाक बसलं. मदतीची वाट बघत कडेला बसले, तर वरून उल्का पडायला लागल्या, एकामागून एक. हे सकाळपर्यंत तिथेच गवतात आडवे. इकडे घरच्यांना वाटलं, पोरगा पळून गेला. ते चाक त्या दिवशी धड राहिलं असतं तर माझा संसार जरा कमी थंडीत झाला असता.

उल्कावर्षावांचं एक बरं असतं, ते पाहुण्यांसारखे न सांगता येत नाहीत. कोणत्या महिन्यात कोणता, हे आधीच ठरलेलं असतं. शहरातून मात्र त्यांतलं काही दिसत नाही, रस्त्यांचे दिवे आणि दुकानांच्या पाट्या सगळं आकाश धुऊन टाकतात. म्हणून हे शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणीच्या माथ्यावर जायचे. एकटे जायचे, मग मी बरोबर जायला लागले, मग हळूहळू टोळीच जमली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई, बँकेतले कॅशियर, आमच्या गल्लीतला सलूनवाला, आणि येणारी-जाणारी आणखी चारदोन हौशी माणसं.

तिथली पद्धत अशी. सतरंज्या टाकून सगळ्यांनी गोलात आडवं व्हायचं, डोकी मध्ये आणि पाय बाहेर, पंख्याच्या पात्यांसारखं. ज्याच्या पायांसमोर आकाशाचा जो तुकडा येईल तो त्याचा. उल्का दिसली की मोठ्याने 'गेली' म्हणायचं आणि किती ठळक होती ते सांगायचं. विज्ञानाच्या बाई टॉर्चला लाल कागद लावून त्या उजेडात लिहून घेणार. जगभरातल्या हौशी लोकांच्या अशा मोजण्या एका संस्थेकडे जातात, त्यांत आमचीही जायची. आणि ह्या मोजणीचा ह्यांनी घातलेला नियम एकच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली तरच 'गेली' म्हणायचं. शेजारचा म्हणाला म्हणून 'हो हो, मलाही' म्हणायचं नाही. काही नाही दिसलं तर शून्य सांगायचं, शून्यात कमीपणा नाही. नव्या माणसाला हे सगळं सांगताना ह्यांचा आवाज असा काही चढायचा, की तो बिचारा दिसलेलीही सांगायला घाबरायचा. खरेपणाच्या बाबतीत आमचे हे नाकाने कांदे सोलायचे, त्याला कोण काय करणार. मी थर्मास सांभाळायचे, अधूनमधून एखादी उल्का बघायचे, आणि कुणाला न सांगता झोपून जायचे.

आता त्या सलूनवाल्याविषयी सांगायला हवं. तो ह्यांच्याहून पाचसहा वर्षांनी धाकटा. लहानपणापासून 'दादा, दादा' करत ह्यांच्या मागे. हे सायकल उलटी करून बसले की पाना हातात द्यायला हा हजर. खाणीवर जड सतरंज्या वाहून नेणारा तोच. माणूस बोलका, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागेपर्यंत ह्याच्या दोन गोष्टी सांगून झालेल्या असायच्या. गोष्टीला तिखटमीठ लावायची सवय होती, पण मनात काळंबेरं कधी नव्हतं.

एका वर्षी असेच सगळे आडवे असताना तो ओरडला, "गेली! बापरे, केवढी गेली!" आणि ताडकन उठून बसला. बाकी कुणाला दिसली नव्हती. त्या तुकड्याकडे बघणारा तो एकटाच होता.

"किती ठळक?" ह्यांनी विचारलं.

"चंद्राएवढी, दादा. आधी हिरवी, मग केशरी झाली. आणि चर्र असा आवाज आला."

"फोडणीत पडली की काय?" कॅशियर म्हणाले, आणि सगळे हसले.

हसण्यावारी गेलं असतं तर बरं होतं. पण हे उठून बसले. "आणखी कुणी पाहिली?" त्यांनी विचारलं. अंधारात कुणी बोललं नाही. मग हे म्हणाले, "हे सलून नाही. तिथे गिऱ्हाईक खूश करायला हव्या तेवढ्या थापा मार. इथे खोटं चालायचं नाही. बाई, ही लिहू नका."

सलूनवाला आपली चादर गोळा करून खाण उतरून गेला. त्यानंतर तो आला नाही. घरी येताना मी ह्यांना म्हटलं होतं, "चंद्राएवढी नसेल, आवाजही आला नसेल. पण तो उठून बसला तो काही खोटा नाही बसला." त्यावर हे म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं." झालं. पुढे हे केस कापायला बाजारातल्या दुसऱ्या दुकानात जायला लागले. एकाच रस्त्यावर दोन दुकानं, ह्यांचं ह्या टोकाला आणि त्याचं त्या टोकाला, पण समोरासमोर आले तर मान हलवायची आणि चालू पडायचं. मला तो अजून 'वहिनी' म्हणायचा. ह्यांना 'दादा' म्हणायची वेळच यायची नाही.

मधे बरीच वर्षं गेली. शहर खाणीच्या दिशेने सरकत गेलं. आधी पेट्रोलपंप आला, मग इमारती आल्या, मग खाणीच्या अगदी पायथ्याशी एक भलंमोठं गोदाम झालं आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर असे झगझगीत दिवे लागले, की खाणीवर आमच्या सावल्या पडायला लागल्या. मोजणीतले आकडे घसरत चालले. "शहराने आकाश खाल्लं," हे म्हणायचे, आणि सगळे माना डोलवायचे. खोटं नव्हतंच ते.

पण ह्यांचे आकडे सगळ्यांपेक्षा जास्त घसरत होते. आणि घरात मला दुसरंच काही दिसत होतं. संध्याकाळी दुकान बंद करताना हे कुलपाचं भोक बोटांनी चाचपायचे. रात्री पाणी प्यायला उठले की दारावर आपटायचे आणि दार मीच हलवलं असल्यासारखे माझ्यावर खेकसायचे. रस्त्यावरून चालताना अंधार पडला की माझा दंड धरायचे. लग्न झालं तेव्हा चारचौघांत हात धरायला लाजणारा हा माणूस, आता म्हातारपणी ह्याला प्रेमाचं भरतं आलं, असं शेजारणी म्हणायच्या. मीही आधी जरा मोहरलेच, उगाच कशाला खोटं बोलू. मग लक्षात आलं.

"डोळे दाखवून घ्या एकदा," मी म्हटलं.

"माझे डोळे? अगं, मी पाटीवरची शेवटची ओळ वाचतो. रोज वाचतो."

ते खरं होतं. दुकान उघडलं की गिऱ्हाईक यायच्या आत हे मागच्या खोलीत जायचे, स्टुलावर बसायचे, आणि स्वतःशीच सगळ्यात खालची बारीक ओळ घडाघडा म्हणून दाखवायचे. मुलं परीक्षेच्या सकाळी पाढे म्हणतात तसे. पाटीवर उजेड असतो, हे ह्यांना मी सांगायचं का? दुसऱ्यांच्या डोळ्यांत आयुष्यभर बॅटरी मारणारा माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरी असा होता.

"गोदामाचे ते दिवे तेवढे गेले पाहिजेत," हे म्हणायचे. "मग बघ." ह्यांनी सगळा दोष त्या दिव्यांवर टाकला होता. मला वाटतं, स्वतःलाही ह्यांनी तेच पटवलं होतं.

त्या वर्षी वर्षाव मोठा असणार होता. हे गोदामाच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. वॉचमनने हाकललं. हे पुन्हा गेले, व्यवस्थापकाच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहिले. वर्षावाच्या रात्री थोडा वेळ दिवे बंद ठेवा, एवढंच मागणं. व्यवस्थापक म्हणाला, "काका, चोरी झाली तर उल्का भरून देतील का?" मला हे ऐकूनच लाज वाटली. नवऱ्याने ह्या वयात असं दारोदार जाऊन 'दिवे घालवा' म्हणत फिरायचं म्हणजे काय. हे मात्र तिसऱ्यांदा गेले. आणि तिसऱ्यांदा व्यवस्थापक एकदम नरम. बसा म्हणाला, चहा मागवला, त्या रात्री दिवे बंद ठेवतो म्हणाला.

का, ते मला दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंकडून कळलं. व्यवस्थापक आमच्या सलूनवाल्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. ह्यांच्या खेपा त्याच्या कानावर गेल्या होत्या. वस्तरा गळ्यावर असताना माणूस कुणाचंही ऐकतो, असं बाई हसत म्हणाल्या. मी ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ एक काच पुसत राहिले. मग म्हणाले, "त्यालाही यायला सांग."

त्या रात्री खाणीवर जत्रा होती. दिवे जाणार म्हणून कुठून कुठून माणसं आली. कॅशियरनी गाडी आणली होती, रात्री गाडी चालवणं ह्यांनी केव्हाच सोडलं होतं, 'ट्रॅफिक फार' ह्या सबबीवर. सलूनवाला जरा लांब उभा होता. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सतरंजी टाक की." एवढंच. तो गोलात आमच्या शेजारी आडवा झाला. मी मधे, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला तो. शहराकडची बाजू सगळ्यात अवघड, ती नेहमीप्रमाणे ह्यांनी घेतली.

मग गोदामाचे दिवे गेले.

सगळ्या माथ्यावरून एकच 'अहा' उठला. इतक्या वर्षांत मी असं आकाश पाहिलं नव्हतं. आणि लगेच इकडून 'गेली', तिकडून 'गेली', नवी माणसं तर लहान मुलांसारखी ओरडत होती. बाईंना लिहायला फुरसत नव्हती. मला झोप आली नाही. मी एक पाहिली, दुसरी पाहिली, आणि ह्यांना सांगायला तोंड वळवलं. हे डोळे ताणून वर बघत होते, आणि चेहरा असा, की दार ठोठावतोय आणि आतून कुणी ओ देत नाही. आता दिव्यांवर ढकलायची सोय राहिली नव्हती. दिवे बंद होते. सगळ्यांना दिसत होतं.

"काय काका," कॅशियर ओरडले, "तुमच्याकडे सामसूम? दिवे घालवलेत कुणासाठी?"

मग हे म्हणाले, "गेली. मध्यम."

मला आनंदच झाला. मी त्यांच्या बाजूला बघायला लागले. शहराच्या अंगाने ढग चढत होता. शहराजवळचा ढग लपत नाही, खालचे सगळे दिवे त्याच्या पोटावर पडतात आणि तो मळकट पिवळा दिसतो. चढत चढत त्याने ह्यांचा सगळा तुकडा झाकला. ह्यांना तो उजेड म्हणजे रोजचाच शहराचा उजेड वाटत असणार.

"गेली," हे म्हणाले. "ही जरा ठळक."

तिथे तर नुसता ढग होता. मी त्यांचा हात दाबला. त्यांना काय वाटलं कोण जाणे, कदाचित मी शाबासकी देतेय असं वाटलं असेल. "गेली," ते पुन्हा म्हणाले. "चांगली ठळक. डावीकडून उजवीकडे."

विज्ञानाच्या बाईंची लेखणी थांबली. त्या बाई फार सौम्य आहेत. हळूच म्हणाल्या, "काका, तुमच्या बाजूला ढग आहे ना?"

माथा गप्प झाला. इतकी माणसं, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं. ह्यांना 'नाही दिसत मला' म्हणायचं होतं, तीनच शब्द, पण हे तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे पडून राहिले.

तेव्हा माझ्या दुसऱ्या बाजूने आवाज आला. "फट आहे बाई ढगात. मलाही दिसली."

सलूनवाला. तो वर बघत सरळ पडला होता. मी ढगाकडे बघितलं. फट कुठेही नव्हती.

"लिहू का?" बाईंनी विचारलं. त्या ह्यांना विचारत होत्या.

"लिहा की," सलूनवाला म्हणाला.

आणि बाईंनी लिहिलं. पुढे वर्षाव किती वेळ चालला, मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटून घेतले होते.

परतताना गाडीत कॅशियर एकटेच बोलत होते. घरी आल्यावर ह्यांनी बूटही काढले नाहीत, पलंगाच्या कडेवर बसून विचारलं, "ढग होता?"

"होता."

"आणि फट?"

"नव्हती."

"मला काहीच दिसत नाही," हे म्हणाले. "दोन वर्षं झाली. एक तारा दिसत नाही. वाटलं होतं दिवे गेले की दिसेल." आणि मग हे रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. राग आला होता, फार बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं राहून गेलं. मी खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडदा सुकत चाललाय, आधी रात्रीचं जातं, मग कडेचं, मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून पाटी वाचता येते. "ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले. चांगला माणूस. पण ह्यांची लाज त्या पडद्याची नव्हतीच.

दुकानात हे 'खरं सांगा' म्हणेनासे झाले. फ्रेम बसवायची आणि गप्प उभं राहायचं. रस्त्याच्या त्या टोकाला जायचं टाळायचे, चोराच्या मनात चांदणं. मोजणी अजून बाईंकडेच होती, संस्थेकडे पाठवायची बाकी होती. हे म्हणायचे, सांगून टाकतो, खोडायला लावतो. आणि मग तिथेच अडायचे. कारण आपलं खोटं उघडं करायचं तर त्याचंही होणार. ज्याला चारचौघांत खोटारडा म्हणून घालवलं, त्याने ह्यांच्यासाठी खोटं बोलावं, आणि ह्यांनी खरं बोलून त्याला पुन्हा एकदा खोटारडा ठरवावं. न सांगावं तर तीन खोट्या उल्का ह्यांच्या नावावर. हे जेवेनात. शेवटी मीच म्हटलं, "इथे बसून कुढण्यापेक्षा त्यालाच जाऊन विचारा."

आम्ही दुपारी गेलो, सलून रिकामं असतं तेव्हा. तो खुर्चीचं कातडं पुसत होता. "या दादा," म्हणाला, जसं काही हे कालही आले होते. ह्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो ऐकत पुसत राहिला.

"सांगा की," तो म्हणाला. "त्यात काय."

"अरे, पण मग तूही..."

"माझं काय दादा. थापाड्या आहेच मी." टोचून नव्हता म्हणाला, सहज म्हणाला. म्हणून ते जास्त लागलं.

"का म्हणालास तसं त्या रात्री?" ह्यांनी विचारलं.

"कुणीच बोलेना," तो म्हणाला. "आपण सांगावं आणि सगळ्यांनी गप्प बसावं, ते कसं असतं मला माहीत आहे."

हे मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी त्यांना धरून घरी आणलं, आणि ते दुपारचं ऊन होतं, धरायची गरज नव्हती.

सुट्टीच्या दिवशी ह्यांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. कपाटांच्या मधे जेमतेम जागा, कुणी बसलं, कुणी उभं. सलूनवाला दाराशी. ह्यांनी डोळ्यांचं सांगितलं, ढगाचं सांगितलं, 'माझ्या तिन्ही खोडा' म्हणाले.

मला वाटलं होतं, लोक तोंड फिरवतील. झालं उलटंच. बाईंचे डोळे भरून आले. एकजण म्हणाला, "ह्याला म्हणतात प्रामाणिकपणा." दुसऱ्याने ह्यांचा हात हातात घेतला. काका, डोळ्यांचं आधी का नाही सांगितलंत, आम्ही नेलं असतं, बाजूला बसवलं असतं. ह्यांना मोठेपणा मिळत होता, आणि प्रत्येक शब्दाबरोबर हे खचत होते, ते मी बघत होते. मग कॅशियर दाराकडे बोट करून म्हणाले, "आणि हा बघा! म्हणे फट आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." सगळे हसले. सलूनवालाही हसला.

"हसू नका," हे म्हणाले.

त्यांचा तो जुना, चढा आवाज होता.

"तो माझ्यासाठी खोटं बोलला. आणि त्या वर्षी तो खरं बोलला होता, ते मी खोटं ठरवलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं तेव्हा, आता हेही ऐका. त्याने ती पाहिली होती. बाई, त्या वर्षीच्या मोजणीत ती लिहा."

"काका," बाई अडखळत म्हणाल्या, "आपल्यापैकी कुणीच पाहिली नव्हती ना."

"त्याने पाहिली होती. सांग रे तू. कशी होती ती, सांग ह्यांना."

सलूनवाला दाराच्या चौकटीशी नखाने काहीतरी खरवडत होता.

"राहू द्या दादा."

"राहू द्या नाही. खरं सांग."

"खरंच सांगतो," तो म्हणाला. "त्या रात्री खाण उतरताना मला पक्कं माहीत होतं. पुढेही बरेच दिवस माहीत होतं. मग कात्री चालवता चालवता मनात यायचं, एवढी माणसं होती, एकालाही कशी नाही दिसली? दादा म्हणाले म्हणजे काहीतरी असेल. दिसली, की मीच आपली रचली? असं रोज विचारत गेलो स्वतःला. आता डोळे मिटले की ती दिसते मला, हिरवी, अगदी समोर. पण पाहिलेली आहे की नंतर रंगवलेली, ते मला नाही सांगता येत. नका लिहू बाई."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. कॅशियर कपाटातल्या फ्रेम्सकडे बघत राहिले. हे माफी मागायला उभे राहिले होते, पण त्याची स्वतःच्या डोळ्यांवरची जी खात्री ह्यांनी नेली होती ती परत ठेवायला आता त्याच्याकडेही जागा उरली नव्हती.

शेवटी सलूनवालाच पुढे आला, ह्यांच्या दंडाला धरून मागच्या खोलीत घेऊन गेला, आणि अक्षरांच्या पाटीसमोरच्या स्टुलावर त्यांना बसवलं. "दिसतंय तेवढंच वाचा, दादा," तो म्हणाला, "मी ऐकतो."